अजून भात यायचाय

तिसरी बशी आली तरी आम्ही चौघे हात मांडीवर ठेवून बसलो होतो.

बश्याही अशा, की भातुकलीत शोभाव्यात. पहिलीत काकडीच्या पातळ चकत्या, त्यांवर काळे तीळ आणि खाली जेमतेम चमचाभर आंबट पाणी. दुसरीत वांग्याच्या फोडी, वरून काहीतरी तांबूस फासून विस्तवावर धरलेल्या. तिसरीत बोंबील. तळलेले, पण आपल्यासारखा रवा लावून नव्हे. अंगावर पांढरं जाळीदार आवरण, इतकं हलकं की पंखा जोरात लावला तर उडून जाईल. त्यांतून वाफ निघत होती. मग ती निघेनाशी झाली.

सानिकानं, म्हणजे माझ्या मुलीनं, पुन्हा एकदा आजोबांकडे पाहिलं.

"आजोबा, करायची का सुरुवात?"

"अगं, अजून भात यायचाय," अप्पा म्हणाले. "पान वाढून झाल्याशिवाय सुरुवात कशी करायची?"

"आजोबा, इथं एकेक येतं. आलं की खायचं."

"येऊ दे की एकेक. सगळं आलं की जेवू. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?"

अप्पा माझे सासरे. आम्हा टिपणिसांच्या घरात पान पूर्ण वाढून, भातावर वरण, वरणावर तूप आणि शेजारी लिंबाची फोड आल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. सगळं वाढून झालं की अप्पा पानावरून एकदा नजर फिरवतात आणि म्हणतात, "हं, होऊ द्या सावकाश." मग हात पानाला लागायचे. शाळेतून भुकेनं कासावीस होऊन आलेली सानिकासुद्धा लहानपणी त्या 'सावकाश'साठी ताटकळत बसायची. इतक्या वर्षांची सवय, ती हॉटेलात आल्यानं थोडीच सुटते?

तिकडे काउंटरच्या पलीकडे पांढरी टोपी घातलेली एक बाई स्वयंपाक करत होती. ती आमच्याकडे बघायची, मग बश्यांकडे, मग पुन्हा हातातल्या कामाकडे. चौथी बशी काही येईना.

"फारच संथ कारभार आहे," पराग माझ्या कानाशी म्हणाला. पराग माझा नवरा. भूक लागली की त्याचे कान लाल होतात. ते झाले होते.

जागेचं नाव 'इवली'. नाशिकला गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत, पूर्वी जिथं चष्म्याचं दुकान होतं तिथं मोजकी टेबलं मांडून ती सुरू झाली होती. शेफबाई काही वर्षं जपानात काम करून आली आहे, आपल्याच माशांना आणि भाज्यांना तिकडच्या तऱ्हेनं शिजवते, सगळं लहान लहान बश्यांतून येतं, असं सानिकानं कुठंतरी वाचलं होतं. त्या रविवारी दुपारी माझ्या वाढदिवसाचं निमित्त करून तिनं आम्हाला तिथं नेलं. निमित्त माझं होतं. खरं कारण अप्पा होते.

अप्पांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, छापलेले कागद तपासण्यात गेली. कागद समोर यायचा, नजर फिरवायची, डाग दिसला की बाजूला काढायचा. ज्यात काहीच सापडत नसे, त्याला अप्पा म्हणत, "जाऊ द्या पुढे." निवृत्त झाले आणि समोर येणारे कागद संपले. मग ती सगळी नजर वळली माझ्या स्वयंपाकाकडे.

"वृंदा, बिरड्यात नारळाचं पहिलं दूध नाही ना घातलंस? दुसरंच घातलंस."

"कणीक मुरू दिली नाहीस आज."

"कालवणाला चिंच आहे, पण कालची भिजवलेली."

आणि चीड यायची ती याची, की प्रत्येक वेळी त्यांचं बरोबर असायचं. चिंच खरंच कालची असायची! लग्न होऊन आल्यापासून मी त्या एका 'जाऊ द्या पुढे'ची वाट बघत होते. माझ्या सासूबाईंना ते जन्मात एकदा मिळालं होतं म्हणे, सोड्यांच्या खिचडीला. सोडे म्हणजे वाळवलेली कोलंबी. आमच्या लोकांचा जीव की प्राण. ती खिचडी नेमकी कधी झाली, घरी कोण कोण होतं, सगळं सासूबाई शेवटपर्यंत भेटेल त्याला सांगायच्या.

मग अप्पांच्या गालात आतून गाठ निघाली. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. गाठ गेली आणि तिच्याबरोबर चवही गेली. ती गेल्याचं अप्पांनी कुणाला सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते आमटीमुळे.

त्या दिवशी मी आमटीत मीठ घालायचं साफ विसरले होते. परागनं पहिला घास तोंडात घातला आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. तेवढ्यात अप्पांनी वाटी पुढे केली. "वाढ आणखी थोडी. छान झालीय."

छान! मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. इतकी वर्षं ज्यांच्या तोंडून एक बरा शब्द यावा म्हणून धडपडले, त्यांनी तो बिनमिठाच्या आमटीला द्यावा?

त्यानंतर सगळंच छान होत गेलं. पोळी छान, भाजी छान, जळका पापड छान. आणि अप्पांचं जेवण मात्र घासाघासानं कमी होत गेलं. सदरे खांद्यावरून ओघळू लागले. डॉक्टर म्हणाले, चव येईल कदाचित, कदाचित नाही येणार, पण पोटात अन्न गेलं पाहिजे; येत्या गुरुवारी वजन आणखी उतरलेलं दिसलं तर नाकातून नळी घालावी लागेल. परत येताना गाडीत अप्पा खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाले, "नळीनं जेवायचं असेल तर मला जेवायचंच नाही. आत्ताच सांगून ठेवतो." अप्पा एकदा नाही म्हणाले की नाही, हे परागलाही माहीत होतं आणि मलाही.

म्हणून मग सानिका म्हणाली होती, काहीतरी अगदीच वेगळं खायला घालून बघू या का आजोबांना? म्हणून 'इवली'. आणि इथं येऊन आम्ही भाताची वाट बघत बसलो होतो.

शेवटी ती पांढऱ्या टोपीवाली हात पुसत आमच्या टेबलाशी आली. पस्तिशीची असेल. सावळी, उंच, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं.

"नमस्कार. मी नीलाक्षी. माझंच आहे हे हॉटेल," ती म्हणाली. "काही चुकलंय का? बश्या तशाच आहेत म्हणून विचारते. मासा चालत नाही का तुम्हाला?"

"अहो, मासा नाही चालत म्हणजे?" पराग म्हणाला. "आम्ही बाकीचं यायची वाट बघतोय."

"बाकीचं?" ती म्हणाली. "आणि मी तुम्ही हे संपवायची वाट बघतेय."

सानिकानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मी सांगत होते! मी केव्हाची सांगत होते!"

पहिल्यांदा मलाच हसू फुटलं. मग परागला. नीलाक्षी हसली तेव्हा तिची वर्तुळं कुठल्या कुठे गेली.

अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं. "आमच्याकडे आधी पान वाढून होतं. मग जेवण."

"मी शिकले तिथं उलटं आहे, काका. एक बशी संपली की दुसरी. भात अगदी शेवटी."

"भात शेवटी? मग तोवर पोट कशानं भरायचं?"

"वाट बघून," ती म्हणाली. आता अप्पांच्याही ओठांचा कोपरा जरासा हलला.

दुसरी कुणी असती तर तिनं इथली पद्धत समजावून सांगितली असती, आणि आम्हीही गुपचूप गार बोंबील खाल्ले असते. नीलाक्षीनं बोंबलांची बशी उचलली. "हे मी परत तळते. आणि काका, तुमच्याकडे पान कसं वाढतात ते मला दाखवाल का? मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे मासे ताटात आले की बाकीची शिस्त कुणी बघत नाही."

अप्पांनी चष्मा नीट केला. रिकाम्या टेबलावर बोटानं मोठा गोल काढला. "वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबू. मग खाली चटणी, खाली कोशिंबीर. उजवीकडे भाजी, तिच्याखाली आमटी. समोर मध्ये भात. आणि डावीकडचं उजवीकडे गेलेलं चालत नाही."

"का चालत नाही?"

"उजवीकडचं पोटभर खायचं असतं. डावीकडचं तोंडी लावायचं. जागा बघून माणसाला कळलं पाहिजे किती घ्यायचं ते."

ती थोडा वेळ त्या न दिसणाऱ्या पानाकडे बघत उभी राहिली. "हे माझ्या कुठल्याही गुरूनं मला इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं," म्हणाली आणि गेली.

थोड्या वेळानं ती एकेक काळा लाकडी ट्रे घेऊन आली, आणि तिनं प्रत्येकासमोर एकेक पान मांडलं. वर मधोमध चिमूटभर जाडं मीठ. डावीकडे लिंबू. चटणीच्या जागी हिरवं, नाकात झिणझिण्या आणणारं काहीतरी, वाटाण्याएवढंच. त्याखाली काकडी. उजवीकडे वांगं, शेजारी नव्यानं तळलेले बोंबील. समोर भाताची मूद. भात इगतपुरीकडचा इंद्रायणी, जपानी भातासारखाच चिकट होतो म्हणून ती तोच वापरते, असं तिनं सांगितलं. आणि त्या मुदीवर तूप!

"तूप?" मी विचारलं.

"आमच्या मेनूत नाही. मी घरून आणते, माझ्या डब्यासाठी." तिनं अप्पांकडे पाहिलं. "आमटी तेवढी उकळतेय, काका. ती शेवटी गरम गरम आणते. चालेल ना?"

अप्पांनी पानावरून नजर फिरवली. डावी बाजू, उजवी बाजू, मीठ, मूद. कितीतरी महिन्यांत त्यांनी ताटाकडे असं बघितलं नव्हतं. हल्ली ते ताटाकडे बघतच नसत, समोरच्या भिंतीकडे बघत जेवत.

"हं," ते म्हणाले. "होऊ द्या सावकाश."

काय जेवण होतं ते! मी आजवर वांगं भाजलंय, भरलंय, तळलंय, पण वांग्याला गोडसर, खारट, धुरकट असा सगळा मिळून एक स्वभाव असतो हे मला त्या दिवशी कळलं. तो तांबूस लेप म्हणजे आंबवून मुरवलेलं सोयाबीन होतं. बोंबील दातांखाली एकदा कुरकुरले आणि मग होतेच कुठे? नुसती लोण्यासारखी मऊ, खारी आठवण राहिली तोंडात. परागचे कान पूर्ववत झाले. सानिका डोळे मिटून खात होती. सगळं येत असूनही ते मिरवायचं नाही, ज्याच्या-त्याच्या चवीला मान देऊन बाजूला व्हायचं, अशी त्या बाईची रीत होती. मला तिचं फार कौतुक वाटलं. हेवाही वाटला, खोटं कशाला सांगू.

"कसं वाटतंय, काका?" ती काउंटरवरून विचारायची.

"छान आहे," अप्पा म्हणाले.

"वांगं?"

"छान."

"बोंबील?"

"छान, छान."

दर खेपेला तिचा चेहरा फुलायचा आणि दर खेपेला माझी नजर अप्पांच्या पानाकडे जायची. अप्पांच्या मुदीचा एक कोपरा तेवढा मोडला होता. वांग्याचा एक घास गेला होता. मग त्यांनी बोटं पानाच्या कडेला टेकवली आणि समोरच्या भिंतीकडे बघायला सुरुवात केली.

मी हात धुवायच्या निमित्तानं उठले आणि काउंटरशी थांबले.

"तुमचं जेवण अप्रतिम आहे," मी हळू आवाजात म्हणाले. "पण त्यांचं 'छान' मनावर घेऊ नका."

"म्हणजे?"

"त्यांना चव लागत नाही. आजारात गेली. चव होती तेव्हा ते कशालाच छान म्हणत नसत."

तिनं सुरी खाली ठेवली. "आणि मला वाटलं, मी जिंकले."

"जेवणच तुटलंय त्यांचं. येत्या गुरुवारी..."

"ऐकू येतं ना त्यांना?" तिनं एकदम विचारलं.

"येतं की. नको तेवढं येतं."

"गरम-गार कळतं?"

"कळतं."

"मग तुम्ही बसा जाऊन," ती म्हणाली. "नुसती जीभच जेवते असं कुणी सांगितलं?"

मी येऊन बसले. ती आली तेव्हा तिच्या एका हातात खोलगट बशी होती आणि दुसऱ्या हातात लहानशी लोखंडी पळी. बशीत सोयाबीनच्या दुधाचं पनीर, पांढरंशुभ्र आणि इतकं गार की बशीला बाहेरून दव आलं होतं. वर आल्याचा कीस आणि कांद्याची पात. ती ते अप्पांच्या समोर ठेवून वाकली आणि तिनं पळीतलं कडकडीत तिळाचं तेल त्यावर ओतलं.

चर्रर्र!

अप्पांची मान भिंतीकडून वळली. "फोडणी?"

"फोडणीच म्हणा. लगेच खा, काका. गरम आहे तोवर."

अप्पांनी चमचा घेतला. घास तोंडात फिरवला. "वरून गरम आहे," ते म्हणाले. "आतून गार." पुन्हा घास घेतला. "मध्ये कोमट. कसं काय केलंत?"

"तुमच्यासमोरच केलं की."

"हं." पुन्हा चमचा. आम्ही तिघे आपापल्या पानाकडे बघत होतो, त्यांच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती; लहान मूल पहिली पावलं टाकताना आपण बघतोय हे त्याला कळू नये असं वाटतं ना, तसं. बशी रिकामी झाल्याचा आवाज आला तेव्हा सानिकानं टेबलाखालून माझा हात धरला. अप्पा छान म्हणाले नव्हते. नुसते जेवले होते.

मग आमटी आली. झाकणाच्या काळ्या वाट्यांतून. झाकण उचललं तर आत पाण्यासारखा निवळ रस्सा, तळाशी सोललेले वाल आणि वर कसल्याशा पाल्याचं एकच पान. अप्पांनी वाटी दोन्ही हातांत धरली, घोट घेतला आणि थांबले.

ठसका लागला की काय म्हणून मी अर्धवट उठले. त्यांनी हातानं मला थांबवलं. पुन्हा घोट घेतला, तोंडात धरला. त्यांच्या दोन भुवयांच्या मधोमध एक आठी उमटली. ती आठी मला पाठ होती. किती वर्षं मी ती बघून मनातल्या मनात दातओठ खाल्ले होते!

"गरम लागलं का, अप्पा?" परागनं विचारलं.

अप्पांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "बाई," त्यांनी हाक मारली. "जरा इकडे या."

नीलाक्षी आली.

"ह्यात सोडे आहेत."

"हो, काका. तिकडे सुक्या माशाचा अर्क काढतात. मी इथं सोड्यांचा काढते."

"सोडे जास्त भाजलेत."

परागच्या हातातला चमचा ट्रेवर पडला.

"कडवट उतरलंय," अप्पा सांगत होते, त्याच जुन्या, मला नकोशा, अंगावर काटा आणणाऱ्या आवाजात. "आधी कळत नाही. मागून येतं, घशाशी. सोड्यांचा वास सुटला की लगेच उतरवायचे असतात. तुम्ही रंगाची वाट बघितलीत."

मला समोरचं काही दिसेनासं झालं. पराग दुसरीकडे तोंड करून उगाचच नाक पुसत होता. सानिका तर उघड उघड रडत होती. शेजारच्या टेबलावरच्या लोकांना वाटलं असेल, आमटी कडू झाली म्हणून कुणी इतकं रडतं का?

नीलाक्षी काउंटरमागे गेली. पातेल्यातला चमचाभर रस्सा तिनं तोंडात घेतला, डोळे मिटले, आणि परत आली तेव्हा तिचे डोळेही कोरडे नव्हते.

"खरं आहे, काका. जास्त झालेत," ती म्हणाली. "मागच्या शेगडीवर सोडे ठेवले होते आणि मी तुमच्याकडे बघत बसले. तुम्ही जेवत का नाही म्हणून."

अप्पांना ते मान्य झालेलं दिसलं. "हं. लक्ष उडालं की असं होतं."

"इथं येणारे सगळे फोटो काढतात आणि मस्त म्हणतात. चूक कुणी सांगतच नाही हो. थांबा, मी दुसरी करते."

"दुसरी कशाला?" अप्पांनी वाटी पुढे केली. "हीच आणा अजून. कडवट आहे, पण आहे."

त्यांनी दुसरी वाटी संपवली. मग राहिलेला भात पुढे ओढला आणि त्यात तिसऱ्या वाटीतली आमटी कालवून घेतली. निघताना नीलाक्षी दारापर्यंत आली तेव्हा अप्पा तिला सोडे चुलीवर कसे आणि गॅसवर कसे भाजायचे ते सांगत होते, आणि ती मान खाली घालून ऐकत होती. "पुन्हा या," ती म्हणाली. "मी लक्ष ठेवून भाजेन." आम्ही पुढे कितीदा तरी गेलो. अप्पा दारात दिसले की ती आपणहून सगळं एकदम मांडायची, मीठ वर मधोमध.

त्या दिवशी आम्ही घरी आलो. न राहवून परागनं स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, "नुसतं कडूच कळलं असेल का गं? कडू तर काय, कुणालाही कळतं."

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की चव बहुधा हळूहळू आधीपासूनच परतू लागली असणार; यांनीच तिच्याकडे बघायचं सोडलं होतं. पण ते नंतर. त्या संध्याकाळी आम्हाला काहीच माहीत नव्हतं. गुरुवार समोर होता. मी परागला म्हटलं, "थांब," आणि मुगाची खिचडी टाकली.

दिवेलागणीला पानं मांडली. खिचडी, वर तूप, पापड, लिंबू. वर मधोमध मीठ वाढतात ते मात्र मी वाढलं नाही. अप्पांनी नजर फिरवली. मिठाच्या रिकाम्या जागेवर ती क्षणभर थांबली.

"होऊ द्या सावकाश."

त्यांनी घास घेतला. आम्ही कुणीच घेतला नाही.

"वृंदा."

"काय, अप्पा?"

"खिचडीत मीठ विसरलीस."

"नाही विसरले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग परागच्या, सानिकाच्या न उष्टावलेल्या पानांकडे. आयुष्यभर तपासणीच केलेला माणूस तो. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"तपासत होतीस?"

"हो."

"याआधी कधी तपासलं होतंस?"

"मुद्दाम नाही. एकदा खरंच विसरले होते. आमटीत."

"मग? मी काय म्हणालो?"

मी पदरानं नाक पुसलं. "छान झालीय म्हणालात."

"बिनमिठाच्या आमटीला?"

"वर आणखी मागून घेतलीत."

अप्पा हसायला लागले. खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. इतके, की सानिका पाण्याचं भांडं घेऊन धावली. मग त्यांनी ताटातली ती मधली रिकामी जागा बोटानं दाखवली. "आण आता मीठ."

मी मीठ वाढलं. त्यांनी चिमूट उचलली, खिचडीत कालवली, घास घेतला. मी डाव हातात धरून तिथंच उभी राहिले. का कोण जाणे, पण मला बसवेना. ते सावकाश चावत होते. कपाळाकडे मी बघत होते, आठी पडते का म्हणून. तूप जास्त झालंय का? मूग कच्चा राहिलाय? जिरं जळलंय? काहीही म्हणा, अप्पा. तुम्ही म्हणाल ते.

त्यांनी घास गिळला आणि ताट माझ्यापुढे केलं.

"हं," ते म्हणाले. "जाऊ द्या पुढे."

सासूबाईंना ते सोड्यांच्या खिचडीला मिळालं होतं. मला मिळालं साध्या मुगाच्या खिचडीला, आणि तीही बिनमिठाची केलेली. पण मी भेटेल त्याला सांगते.